पहिलंच कॅरेक्टर, तेही जादूवालं: विझर्ड, सॉर्सरर की वॉरलॉक?

कोवळं_ऊन

नमस्कार मंडळी,

ऑफिसातल्या आम्ही पाच जणांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स सुरू करायचं ठरवलंय. दर रविवारी दुपारी, कोथरूडला एकाच्या घरी. खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, आधी बराच खेळलेला आहे. बाकी आम्ही चौघंही कोरी पाटी. एकाने फायटर घेतला, एकीने क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने जखमा भरणारी, आणि एकाने रोग, म्हणजे कुलपं उघडणारा, चोरपावलांनी फिरणारा. रोग हा शब्द मराठीत कानाला बरा वाटत नाही म्हणून आम्ही त्याला सरळ चोर म्हणतो. उरली जादू, आणि ती मला मनापासून हवीच होती.

पण पुस्तक उघडलं आणि घाबरले. जादूवाले क्लासच, म्हणजे पात्रांचे प्रकार, इतके आहेत! विझर्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक या तिघांत मी अडकलेय. दोन संध्याकाळी स्पेल्सचं, म्हणजे मंत्रांचं, प्रकरण वाचत बसले आणि जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. आम्ही २०१४ची नियमावली वापरणार आहोत, सुरुवात पहिल्या लेव्हलपासून.

माझा स्वभाव सांगते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. मला आधीपासून ठरवून, याद्या करून काम करायला आवडतं. ट्रेकला जाताना सॅक आदल्या रात्री भरलेली असते. पण ऐनवेळी सगळे माझ्याकडे बघत असताना चटकन बोलायची वेळ आली की मी गोठते. माझी खरी भीती हीच आहे: माझी पाळी येईल, मी पानं उलटत बसेन आणि बाकीचे ताटकळतील.

या तिघांत खरा फरक काय? आणि पहिल्या लेव्हलला सात-आठ हिट पॉइंट्सवर, म्हणजे मार सोसायच्या एवढ्याशा ताकदीवर, माणूस जगतो कसा?

मीठभाकर

धागा उत्सुकतेने उघडला. मला या खेळातलं ओ की ठो माहीत नाही. हा व्हिडिओ गेम आहे का?

जुना_फासा

मीठभाकर, नाही. टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा खेळ आहे. एक जण डीएम. तो जग उभं करतो, समोर काय आहे ते सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं ते सांगतात. जिथे यश-अपयश दोन्ही शक्य असतं तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये हा खेळ बाजारात आणला.

कोवळं_ऊन, तुमच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट म्हणजे त्या पहिल्या नियमांत क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, क्लेरिक आणि मॅजिक-यूजर. विझर्ड, सॉर्सरर असली विभागणीच नव्हती. पहिल्या लेव्हलचा मॅजिक-यूजर दिवसाला एकच स्पेल टाकू शकायचा. सकाळी पाठ करायचा, वापरला की डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांमधून आली. पुढे कित्येक वर्षं जादूगाराचे हिट पॉइंट्स चार बाजूंच्या फाशावर ठरायचे. एक हिट पॉइंट घेऊन गुहेत शिरलेले जादूगार मी पाहिलेत. आता विझर्ड-सॉर्सररला सहा बाजूंचा फासा मिळतो आणि पहिल्या लेव्हलला त्याचे पूर्ण सहा धरतात. शिवाय कॅन्ट्रिप्स, म्हणजे कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल्स, आहेत. तेव्हा आठ हिट पॉइंट्सना घाबरू नका.

निवडुंग

सॉर्सरर घे गं, डोळे मिटून. पहिल्या लेव्हलला चार कॅन्ट्रिप्स आणि दोन स्पेल्स, बस. विझर्डसारखी स्पेल्सची वही नाही, रोज सकाळी 'आज कुठले स्पेल्स तयार ठेवू' हा विचार नाही. सगळं अर्ध्या पानावर मावतं. तुला पानं उलटायची भीती आहे ना? उलटायला पानंच नसतील.

आणि तिसऱ्या लेव्हलला मेटामॅजिक, म्हणजे स्पेल हवा तसा वाकवायची सोय, मिळतं, तेव्हा खरी मजा. माझी सॉर्सरर एकदा भर दरबारात उभी होती. तिथे जादू करणाऱ्याला देहदंड. मंत्र तोंडाने उच्चारावा लागतो, हातवारे करावे लागतात, म्हणजे कुणीही ओळखणार. मी सटल स्पेल ही त्यातलीच सोय वापरून चार्म पर्सन, म्हणजे भुरळ घालणारा स्पेल, टाकला: ओठ हलले नाहीत, बोट हललं नाही, आणि कोठीचा प्रमुख हसून म्हणाला, "या, तुम्हाला आतला मार्ग दाखवतो." तो स्पेल तासभर टिकतो आणि संपल्यावर समोरच्याला कळतं की आपल्यावर जादू झाली होती. तो एक तास आम्ही पाचही जण अक्षरशः घड्याळाकडे बघत खेळलो. असा प्रसंग दुसऱ्या कुठल्या क्लासला सहजी मिळत नाही.

डोंगरवाट

निवडुंग, दरबाराचा प्रसंग भारीच. पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला सॉर्सरर सोपा, हे मला पटत नाही. लिहायला सोपा, निभवायला अवघड.

माझं पहिलं कॅरेक्टर सॉर्सरर होतं. दोन स्पेल्स निवडायचे होते, मी नावं बघून विच बोल्ट आणि चार्म पर्सन घेतले. आमचं साहस निघालं जुन्या थडग्यांमधलं. समोर सांगाडे आणि चालती प्रेतं. चार्म पर्सन फक्त माणसासारख्या जिवंत प्राण्यांवर चालतो, सांगाड्यावर नाही. विच बोल्टला शत्रू ३० फुटांत लागतो, म्हणजे नाजूक अंगाच्या जादूगाराने पुढे जायचं. सॉर्सररला लेव्हल वाढली की एकच स्पेल बदलता येतो. तोवर चार रविवार मी फक्त फायर बोल्ट हा कॅन्ट्रिप टाकत बसलो.

विझर्ड असतो तर वहीत सहा स्पेल्स असते. एक चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा तयार केला असता. नवशिक्याच्या चुका पोटात घालणारा क्लास विझर्ड आहे. हिशोबच बघा: विसाव्या लेव्हलला सॉर्सररकडे पंधरा स्पेल्स असतात. विझर्डच्या वहीत नुसत्या लेव्हल वाढून चव्वेचाळीस होतात, वाटेत सापडलेले वेगळे.

चकवा

मी गेली काही वर्षं डीएम म्हणून खेळ चालवतोय, नव्या खेळाडूंची टेबलं बरीच चालवली. प्रश्न नीट मांडलाय म्हणून सविस्तर लिहितो.

फासे, आकडे बाजूला ठेवा. या तिघांतला खरा फरक आहे जादू कुठून आली याचा.

विझर्डने ती शिकलीय. गुरूकडे राहून, रात्र रात्र घोकून. तालमीत तयार झालेल्या गवयासारखं समजा: आवाज साधा असेल, पण चीजा शंभर पाठ. म्हणून त्याचं बळ बुद्धीत आणि वहीत.

सॉर्सररच्या रक्तातच जादू आहे, कुणा पूर्वजात ड्रॅगनचा अंश असेल किंवा जन्मावेळी काही विपरीत घडलं असेल. शिकायला तो कुणाकडे गेला नाही. त्याला मोजकंच येतं, पण जे येतं ते तो हवं तसं वाकवतो.

वॉरलॉकने ती मागून घेतलीय. नवस बोललाय म्हणा ना. कुणा बलाढ्य शक्तीपुढे हात पसरले, तिने दिलं, आणि आता ते फेडायचं आहे. काय फेडायचं, कधी फेडायचं, हे डीएमच्या हातात.

आता याचा टेबलावर परिणाम काय? विझर्डचा खेळाडू निम्मा खेळ आधी खेळतो. उद्या दलदलीत जायचंय, मग काय तयार ठेवू? सॉर्सररचा खेळाडू त्या क्षणी खेळतो: हाच स्पेल आत्ता दोघांवर टाकू की पटकन टाकू? वॉरलॉकचा खेळाडू डीएमशी खेळतो, कारण त्याच्या गोष्टीत कायम तिसरं कुणीतरी बसलेलं असतं.

तुम्ही सॅक आदल्या रात्री भरता असं लिहिलंय. माझ्या मते उत्तर तिथेच आलं.

आणखी एक. लोक क्लास निवडताना कोण जास्त डॅमेज करतो ते बघतात. जादूवाल्याच्या बाबतीत हा निकष मला साफ चुकीचा वाटतो. मारायला तुमच्याकडे फायटर आहे. जादूवाल्याने परिस्थिती बदलायची. अरुंद बोळात चार जण धावून येताहेत, तिथे एकाला पाच डॅमेज करण्यापेक्षा जमिनीवर ग्रीस पसरला की निम्मे घसरून पडतात. पुढचं काम फायटर आनंदाने करतो, आणि टेबलावर दोघंही हसत असतात.

डोंगरवाट

चकवा, नवसाची उपमा अगदी चपखल. सध्या मी वॉरलॉकच खेळतोय, त्यामुळे एक इशारा देतो.

वॉरलॉकला स्पेल स्लॉट्स, म्हणजे मोठे स्पेल्स टाकायच्या संधी, फार थोडे. पहिल्या लेव्हलला एक, दुसरीला दोन, आणि दहाव्या लेव्हलपर्यंत दोनच. पण ते तासाभराच्या विश्रांतीत, म्हणजे शॉर्ट रेस्टमध्ये, परत येतात. विझर्ड-सॉर्सररला त्यासाठी रात्रभर झोपावं लागतं. म्हणजे वॉरलॉकचा सगळा संसार शॉर्ट रेस्टवर. मी आधी ज्या टेबलावर होतो तिथला डीएम शॉर्ट रेस्ट घेऊच द्यायचा नाही. बसलो की हल्ला, बसलो की हल्ला. सहा महिने मी एल्ड्रिच ब्लास्ट या कॅन्ट्रिपशिवाय काही टाकलं नसेल. शेवटी ते टेबल सोडलं. आताची डीएम दर सेशनला एक-दोन शॉर्ट रेस्ट देते आणि तोच क्लास मला आता सगळ्यात लाडका वाटतो.

तेव्हा वॉरलॉक घ्यायचा असेल तर कॅरेक्टर लिहिण्याआधी डीएमला दोन गोष्टी विचारा: शॉर्ट रेस्ट किती मिळतील, आणि माझ्या पेट्रनला, म्हणजे जादू देणाऱ्या त्या शक्तीला, तुम्ही बोलकं करणार का. दुसऱ्याचं उत्तर 'बघू' असं आलं तर मी वॉरलॉक घेणार नाही. मुका पेट्रन म्हणजे निम्मा क्लास वाया.

आजोळ

मी नाशिकला भाचीबरोबर आणि तिच्या मैत्रिणींबरोबर खेळते, सगळ्या अकरा ते तेरा वर्षांच्या. खेळ पूर्ण मराठीत. भाची विझर्ड आहे.

मला सांगायचंय ते स्पेलच्या साहित्याबद्दल. बहुतेक टेबलांवर हे कुणी वाचतच नाही, कारण कॅरेक्टरकडे साहित्याची पिशवी किंवा जादूची काठी असली की वेगळं काही दाखवावं लागत नाही. पण एकदा वाचून बघा. झोपेच्या स्पेलला चिमूटभर बारीक वाळू, गुलाबाच्या पाकळ्या किंवा रातकिडा. ग्रीसला डुकराच्या चामडीचा तुकडा नाहीतर लोणी. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. भाचीने विचारलं, विष्ठा कशाला? तेव्हा मी तिला सांगितलं की वटवाघळांच्या गुहेतल्या विष्ठेपासून सोरा काढत, आणि सोरा व गंधक हे बंदुकीच्या दारूतले घटक. तिचे डोळे असे चमकले! त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरातली जुनी मसाल्याची डबी मागून घेतलीय. एका वाटीत वाळू, एकीत वाळलेल्या पाकळ्या, एकीत मीठ. स्पेल टाकताना झाकण उघडते, चिमूट उचलते आणि स्वतः रचलेली दोन ओळींची यमकं म्हणते. "डोळ्यांवरती वाळू सांड, मिटून घे तू सगळं भांड." अर्थ विचारू नका, पण ती हे म्हणते तेव्हा टेबलावर सगळ्या गप्प होतात.

ऐनवेळी गोठायला होतं असं लिहिलंयस ना, त्यावर हा उपाय करून बघ. प्रत्येक स्पेलला एक ठरलेली हालचाल किंवा वाक्य ठेव. हात कामाला लागला की बोलायला सुचतं.

निवडुंग

आजोळ, ती मसाल्याची डबी! मी पण करणार.

डोंगरवाटचं म्हणणं निम्मं मान्य. स्पेल्स चुकीचे निवडले तर सॉर्सरर फार छळतो. पण अनुभवी माणूस शेजारी असेल आणि दोन स्पेल्स नीट निवडून दिले तर अजूनही मी तोच सुचवेन. विझर्डचा खेळाडू रोज सकाळी टेबल थांबवून यादी करत बसतो, हे मी बघितलंय आणि तेही कंटाळवाणं असतं.

चकवा

निवडुंग, बरोबर, पण त्याला सोपा तोडगा आहे. रोज बदलायची सक्ती कुठे आहे? एक कायमची यादी ठरवायची. डीएमने पुढचा मुक्काम सांगितला आणि काही वेगळं लागणार असं वाटलं तरच एखादा स्पेल बदलायचा.

कोवळं_ऊन, विझर्ड घेतलात असं धरून लिहितो. बुद्धी १६ असेल तर पहिल्या लेव्हलला वहीतल्या सहापैकी चार स्पेल्स तयार ठेवता येतात. स्लॉट्स दोन, आणि दिवसातून एकदा शॉर्ट रेस्टनंतर आर्केन रिकव्हरीने एक परत मिळतो. म्हणजे दिवसाला तीन मोठे वार, बाकी वेळ कॅन्ट्रिप्स.

वहीत हे सहा घ्या: स्लीप, शील्ड, मॅजिक मिसाइल, ग्रीस, फाइंड फॅमिलिअर, डिटेक्ट मॅजिक. शेवटचे दोन तयार ठेवायची गरजच नाही. ते रिच्युअल आहेत, वहीतून बघून दहा मिनिटं जास्त घेऊन टाकले की स्लॉटही खर्च होत नाही. विझर्डची ही सोय नवे खेळाडू हटकून विसरतात.

फाइंड फॅमिलिअरने मदतनीस प्राणी मिळतो. त्यासाठी १० सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळी शेगडीत जाळायच्या. तासाभराचा विधी आहे, वर रिच्युअलची दहा मिनिटं. घुबड घ्या. ते शत्रूजवळ झेपावून परत उडून गेलं तरी शत्रूला त्याच्यावर फुकटचा वार करता येत नाही. घुबडाने शत्रूचं लक्ष विचलित केलं की तुमच्या चोराला त्या वारावर दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो आणि त्याचा स्नीक अटॅकही, म्हणजे संधी साधून केलेला जादा डॅमेजचा वार, लागू होतो. चोर तुम्हाला दुवा देईल.

एक नियम मात्र घोकून ठेवा: कॉन्सन्ट्रेशन. काही स्पेल्स टिकवायला मन एकाग्र लागतं, आणि एका वेळी असा एकच स्पेल टिकतो. दुसरा टाकला की पहिला गेला. मार बसला तर कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, सेव्ह (तग धरायचा फासा) टाकायचा, १० किंवा डॅमेजच्या निम्मे, यातला मोठा आकडा गाठायचा. म्हणून बुद्धीच्या खालोखाल चांगला आकडा कॉन्स्टिट्यूशनला द्या.

जुना_फासा

चकवांच्या यादीला अनुमोदन, फक्त मी मॅजिक मिसाइलच्या जागी मेज आर्मर, म्हणजे जादूचं चिलखत, घेतला असता. आठ तास टिकतो, एकाग्रता लागत नाही. पण दोन स्लॉट्सपैकी एक सकाळीच जातो हेही खरं, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला घेतलात तरी चालेल. तोवर फायटरच्या मागे उभ्या राहा. मध्ये माणूस असला की नेमबाजापासून अर्धा आडोसा मिळतो, आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, दोनने वाढतो. फुकटची ढाल.

आणि एक गंमत लक्षात आली का? २०१४च्या ज्या बेसिक रूल्स फुकट उतरवून घेता येतात त्यात चारच क्लास आहेत: फायटर, क्लेरिक, रोग, विझर्ड. तुमचं टेबल नेमकं तेच चौघं घेऊन बसलंय. जाडजूड पुस्तक बाजूला ठेवा, ती फुकटची नियमावली वाचा. स्पेल्सही तिथे मोजकेच आहेत. इंटरनेटवरचे सल्ले वाचताना मात्र ते २०२४च्या नव्या पुस्तकाबद्दल आहेत का ते तपासा. नव्यात प्रत्येकाला उपशाखा तिसऱ्या लेव्हलला मिळते आणि स्लीप तर पूर्णच बदललाय.

कोवळं_ऊन

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं भरभरून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

विझर्ड ठरला. चकवांचं 'निम्मा खेळ आधी खेळतो' हे वाक्य वाचलं आणि पुढे विचारच केला नाही. नाव ठेवलंय इरावण. दीपस्तंभाच्या रखवालदाराचा मुलगा, जहाजांच्या नोंदी ठेवता ठेवता वाचायला शिकलेला. त्याची स्पेल्सची वही म्हणजे त्याच नोंदवहीची मागची पानं.

पानं उलटायच्या भीतीवर उपाय केलाय. जाड कागदाची कार्डं कापली, एका स्पेलला एक. प्रत्येकावर मराठीत चारच ओळी: किती लांबून, किती वेळ टिकतो, एकाग्रता लागते का, आणि काय होतं. एकाग्रतेवाल्या कार्डांना कोपऱ्यात लाल ठिपका. दोन लाल ठिपके एकदम टेबलावर आले की चुकलं, असं सोपं गणित. रविवारी पहिलं सेशन. येऊन लिहिते.

मीठभाकर

वाट बघतोय. मला आता हा खेळ बघायला तरी यावंसं वाटतंय.

कोवळं_ऊन

धागा वर काढतेय. तीन सेशन्स झाले!

पहिल्या रविवारचा प्रसंग लिहिल्याशिवाय राहवत नाही. जंगलातल्या वाटेवर उलटलेली गाडी, आणि झाडीतून चार गॉब्लिन्स, म्हणजे बुटके राक्षस. पहिल्याच फेरीत आमच्या चोराला बाण लागला, त्याचे चार हिट पॉइंट्स उरले. चारही गॉब्लिन्सनी त्याला गाडीपाशी घेरलं. माझी पाळी. सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि मी खरंच गोठले.

मग हातातल्या कार्डांवर नजर गेली. स्लीप. वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळात सगळ्यांवर पडतो, आपला-परका बघत नाही. आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे, बेरीज येईल तितक्या हिट पॉइंट्सचे प्राणी झोपतात, सगळ्यात कमी हिट पॉइंट्स असलेल्यापासून सुरुवात. म्हणजे आधी आमचा चोरच झोपणार! वर्तुळ सरकवून बघितलं, पण गॉब्लिन्स त्याला इतके चिकटून होते की तो बाहेर राहीना. मी त्याला विचारलं, "तू झोपलास तर चालेल का?" तो म्हणाला, "टाक बिनधास्त. उभा राहिलो तर मरणारच आहे."

मी खिशातून पुडी काढली (आजोळताई, तुमच्या भाचीला सांगा), चिमूटभर वाळू टेबलावर सोडली आणि फासे टाकले. ७, ३, ६, १, ८. पंचवीस. चोराचे चार वजा झाले, उरले एकवीस. डीएमने आपल्या कागदावर बघितलं आणि एकेक सोंगटी आडवी करत गेला. सात. सात. सात. तीन गॉब्लिन्स झोपले आणि बेरीज बरोब्बर शून्य! चौथा एकटाच उभा, त्याला काय झालं ते कळेना. फायटरने त्याला पुढच्या वारात संपवलं, क्लेरिकने चोराला हलवून उठवलं. एका झोपलेल्याला बांधून आम्ही त्याच्याकडून गुहेचा रस्ता काढून घेतला. मी दिवसभरात एक पॉइंटही डॅमेज केलं नाही आणि घरी जाताना जमिनीवर पाय ठरत नव्हते.

चकवा, घुबडही आलंय. चोराने त्याचं नाव 'भागीदार' ठेवलंय.

आता पुढचा प्रश्न. काल दुसरी लेव्हल मिळाली, म्हणजे आठपैकी एक स्कूल, जादूची शाखा, निवडायचं. सगळीकडे इव्होकेशन सुचवलंय, कारण स्फोट करताना आपल्या माणसांना त्यातून वगळता येतं. स्लीपच्या वेळी चोराला वगळता आलं असतं तर, असा विचार येतो.

चकवा

वा! चोराला विचारलंत, ते मला फाशांपेक्षा जास्त आवडलं. परवानगी न घेता आपल्याच माणसावर स्पेल टाकल्याने टेबलं मोडलेली पाहिलीत मी.

इव्होकेशनबद्दल एक बारीक गोष्ट: वगळायची ती सोय फक्त इव्होकेशन प्रकारच्या स्पेल्सना लागू होते. स्लीप एनचॅन्टमेंटमध्ये येतो, तिथे उपयोग झाला नसता. पाचव्या लेव्हलला फायरबॉल मिळतो तेव्हा ती सोय सोन्याची आहे, नाकारत नाही. २० फूट त्रिज्या, सहा बाजूंचे आठ फासे, आणि मधोमध तुमचा फायटर न भाजता उभा.

पण तुमचा स्वभाव बघता मी डिव्हिनेशन सुचवेन. रात्रीची झोप झाली की वीस बाजूंचे दोन फासे आधीच टाकून आकडे लिहून ठेवायचे. मग दिवसभरात तुम्हाला दिसणाऱ्या कुणाच्याही फाशाच्या जागी, तो पडायच्या आधी, यातला आकडा वापरता येतो. मित्राचा असो की शत्रूचा. कमी आकडा आला तरी हिरमुसू नका, तो शत्रूसाठी राखून ठेवायचा.

निवडुंग

सॅक आदल्या रात्री भरणाऱ्या मुलीसाठी याहून चांगलं काही नाही. सॉर्सररचा हट्ट मी सोडला. पुढच्या कॅरेक्टरच्या वेळी मात्र माझी आठवण ठेव!

डोंगरवाट

डिव्हिनेशनला +१. शिवाय त्या स्कूलचे स्पेल्स वहीत उतरवायला निम्माच वेळ आणि निम्माच पैसा लागतो. एरवी पहिल्या लेव्हलच्या स्पेलला दोन तास आणि ५० सोन्याची नाणी. वाटेत कुणा जादूगाराची वही सापडली तर सोडू नका.

कोवळं_ऊन

डिव्हिनेशन घेतलं.

डोंगरवाट, गंमत म्हणजे गुहेत खरंच एक अर्धी जळलेली वही सापडली. तीतला एकच स्पेल शाबूत होता, कॉम्प्रिहेन्ड लँग्वेजेस. तो डिव्हिनेशनचाच निघाला, म्हणजे एक तास आणि २५ नाणी! चौघांनी वर्गणी काढून दिली. साहित्य काजळी आणि मीठ. इरावणच्या नोंदवहीत तो मी खऱ्या वहीत लिहितात तसाच लिहून काढलाय, वर तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ घालून.

सेशन संपताना पार्टी, म्हणजे आमची पात्रं, गुहेच्या तोंडाशी झोपली आणि सकाळी उठली, तिथे डीएम थांबला. उठण्याआधी मला दोन फासे टाकायला सांगितले. १९ आणि ३. दोन्ही आकडे नव्या कार्डावर लिहिले आणि कार्ड सगळ्यांना दिसेल असं टेबलाच्या मधोमध ठेवलं. फायटर १९ मागतोय, क्लेरिकही मागतेय. ३कडे कुणी बघितलं नाही, फक्त डीएमने बघितलं आणि मला विचारलं, "हा कुणासाठी ठेवतेयस?"

आतल्या दाराला कुलूप आहे आणि मागून कुणीतरी आमच्याच भाषेत गाणं म्हणतंय. रविवारी कळेल.